जसं आलं तसं पुढे

पहाटेचे पाच चाळीस. दूधवाला अजून जिन्यात आलेला नाही, पेपरवाल्याची सायकल कोपऱ्यावरच आहे, आणि उशीजवळचा फोन थरथरतो. पडद्यावर उगवता सूर्य, त्याखाली दव पडलेला गुलाब, गुलाबाशेजारी वाफाळता चहा आणि या तिघांच्या अंगावरून गेलेलं पिवळ्या अक्षरांतलं एक वाक्य: आयुष्य चहासारखं असतं, गाळून घ्या. शुभ सकाळ. पाच त्रेचाळीसला दुसरा सूर्य येतो, हा डोंगरामागून. मग समुद्रातून एक. साडेसहापर्यंत घरच्या ग्रुपवर अकरा सूर्य उगवून झालेले असतात. थंडीचे दिवस असतील तर खिडकीबाहेरचा खरा सूर्य अजून यायचाच असतो.

या सूर्यांनी एकदा थेट अमेरिकेतल्या गूगलला कोड्यात पाडलं होतं. भारतातले स्मार्टफोन इतक्या लवकर भरून अडतात कशाने, याचा शोध तिथले इंजिनिअर घेत होते. उत्तर सापडलं ते गुलाब, सूर्योदय, लहान बाळं आणि सुविचार यांच्या ढिगात. जानेवारी 2018 मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने ही हकीकत छापली. भारतात तीनपैकी एका स्मार्टफोनची जागा रोजच्या रोज संपते, अमेरिकेत हे प्रमाण दहात एक, असा आकडाही त्या बातमीत होता. त्याच सुमारास, डिसेंबर 2017 मध्ये, गूगलने ‘फाइल्स गो’ नावाचं अ‍ॅप काढलं. फोनमधली अडगळ शोधायची आणि एका फटक्यात काढून टाकायची, हे त्याचं काम. गुड मॉर्निंगची चित्रं ओळखायलाही त्याला शिकवलेलं होतं.

म्हणजे आपल्या काकूंच्या गुलाबासाठी कॅलिफोर्नियातल्या कंपनीला कृत्रिम बुद्धिमत्ता कामाला लावावी लागली. काकूंना हे सांगितलं तर त्यांचा एकच प्रश्न असेल: पण काढून का टाकायचे? कुणी हात जोडून नमस्कार केला तर तो आपण केरात टाकतो का?

प्रश्न वेडगळ वाटतो, पण काकूंचा मुद्दा पक्का आहे. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला या चित्रांचं मूळ ओळखायला वेळ लागू नये. शाळेच्या दारात शिरलं की समोर एक फळा असायचा. त्यावर रंगीत खडूने वार, दिनांक, पटसंख्या, हजर किती, आणि वर ठळक अक्षरांत आजचा सुविचार. तो सुविचार वाचून कुणी सुधारल्याची नोंद नाही. तो रोज बदलायचा, एवढंच त्याचं महत्त्व. सुविचार बदललेला दिसला म्हणजे शाळा भरली. एखाद्या दिवशी कालचाच राहिला, तर हस्ताक्षर छान असलेला मुलगा आज गैरहजर आहे, हे बाकी सगळ्यांना कळायचं. फळा पुसला गेला, सुविचार फोनमध्ये गेला. हजेरीचं काम त्याने सोडलेलं नाही.

माहिती देण्यासाठी नसलेल्या बोलण्याला शास्त्रात नावसुद्धा आहे. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्हस्की हा मानवशास्त्रज्ञ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहून आला आणि 1923 मध्ये त्याने ‘फॅटिक कम्युनियन’ अशी संज्ञा वापरली. हवापाण्याच्या, ख्यालीखुशालीच्या ज्या गप्पा आपण मारतो, त्यांत सांगण्यासारखं काही नसतं; ‘मी इथे आहे, तू तिथे आहेस, आपलं बरं आहे’ एवढंच ठरवून घ्यायचं असतं, असं त्याचं म्हणणं. बिचारा एवढ्या लांब गेला. दादरच्या भाजीबाजारात उभा राहिला असता तरी भागलं असतं. हातात पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी डोकावतेय, आणि समोरचा विचारतो, ‘काय, भाजीला का?’ दारात उभ्या असलेल्या माणसाला ‘आलात का?’ तोंडात ब्रश असलेल्याला ‘उठलात वाटतं?’ आणि निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. जी भाषा जाणाऱ्याला ‘येतो’ म्हणायला लावते, तिच्यात शब्दाचा अर्थ धरून बसणारा माणूस फार दिवस टिकत नाही.

तयार मजकूर उचलून पुढे पाठवायची सवयही फोनने लावलेली नाही. पोस्टात शुभेच्छांच्या तारा होत्या. दिवाळी, नववर्ष, लग्न, परीक्षेतलं यश अशी ठरलेली वाक्यं आणि प्रत्येकाला एक क्रमांक. फॉर्मवर क्रमांक लिहायचा; पलीकडे पूर्ण वाक्य उमटायचं. म्हणजे ‘लग्नाच्या शुभेच्छा’ हा मजकूर देशभरातल्या वधूवरांना शब्दशः तोच जायचा आणि त्यावर कुणी रुसायचं नाही. तार जुलै 2013 मध्ये बंद झाली. तोवर तिचा वारस घरोघर पोचला होता.

दुसरा पूर्वज जरा कडक स्वभावाचा. ‘जय संतोषी मां’ हा सिनेमा 1975 मध्ये आला, तुफान चालला आणि त्यानंतरची काही वर्षं घरोघरी देवीच्या नावाची पोस्टकार्डं पडू लागली. हे पत्र इतक्या जणांना पाठवा. अमक्याने पाठवलं, त्याला नोकरी लागली. तमक्याने फाडलं, त्याचं दुकान बुडालं. घरातला नास्तिक म्हणवणारा माणूससुद्धा संध्याकाळी गुपचूप कार्डांचा गठ्ठा घेऊन बसायचा, कारण दुकान कुणाचं का असेना, बुडायला नको. पण त्या काळी अंधश्रद्धेलाही श्रम पडायचे. प्रत्येक कार्ड हाताने लिहायचं, पत्ते शोधायचे, पेटीपर्यंत चालत जायचं. दहाव्या कार्डाला मनगट दुखायला लागलं की श्रद्धा आपोआप आटोक्यात यायची. अंगठ्याला तेवढं दुखत नाही.

आणि 21 सप्टेंबर 1995 चा गुरुवार? गणपती दूध पितोय ही बातमी त्या दिवशी सकाळी दिल्लीकडून निघाली. दुपारपर्यंत गावोगावच्या देवळांपुढे हातात वाटी-चमचा घेतलेल्यांच्या रांगा होत्या. लंडनच्या देवळांतही चमचे पुढे झाले. देशातला पहिला मोबाइल कॉल होऊन तेव्हा जेमतेम सात आठवडे झाले होते. म्हणजे हे सगळं तबकडीच्या फोनवर, ऑफिसातल्या एसटीडीवर आणि गॅलरीतून मारलेल्या हाकांवर झालं. पृष्ठताणाचं शास्त्रीय उत्तर त्याच दिवशी दिलं गेलं, पण ते हळू चाललं. शास्त्रीय उत्तर ‘अगं, ऐकलंस का?’ अशी सुरुवात करून सांगता येत नाही, ही त्याची जुनी अडचण आहे.

व्हॉट्सअ‍ॅपचा जन्म 2009 चा. फेसबुकने ते 2014 मध्ये सुमारे 19 अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा आधी फुकट आणि मग स्वस्त झाला, आणि तोवर मिस्ड कॉल देऊन पैसे वाचवणारी पिढी एकदम व्हिडिओ पाठवू लागली. 2019 पर्यंत भारतातले वापरणारे 40 कोटींवर गेले. याच काळात मराठी घरांत एक नवी वास्तू उभी राहिली: फॅमिली ग्रुप. वाड्याची ओसरी गेली, चाळीची गॅलरी गेली. ग्रुपमध्ये मात्र नागपूरची आत्या, डोंबिवलीचे काका, पुण्याची मावशी आणि न्यू जर्सीतला भाचा एका ओट्यावर बसतात. ओट्यावरचे नियमही तेच. कोण कधी आलं यावर सगळ्यांचं लक्ष असतं. नोव्हेंबर 2014 मध्ये वाचल्याची निळी खूण आली तेव्हापासून तर ‘बघितलंस आणि बोलली नाहीस’ हा आरोप पुराव्यानिशी करता येतो.

या ओट्यावरचे प्रसंग कधी कधी फार गर्दी करतात. सकाळी सव्वानऊला धाकट्या जावयाचा वाढदिवस सुरू होतो. केक, फुगे, फुलांचा गुच्छ, गुच्छ, गुच्छ. नऊ चाळीसला कुणीतरी कळवतं की आईच्या माहेरकडचे अण्णा गेले. हात जोडलेले, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, गुच्छ. पण सगळे काही वरून खालपर्यंत वाचत नाहीत. दहाच्या सुमाराला ग्रुपमध्ये एकाच वेळी जावयाला श्रद्धांजली आणि अण्णांना उदंड आयुष्य मिळू लागतं. अनुभवी माणसं म्हणून फक्त गुच्छ टाकतात. तो दोन्हीकडे चालतो. 2017 च्या अखेरीला पाठवलेला मेसेज सगळ्यांकडून पुसून टाकायची सोय झाली, पण तिने जखमेवर मीठच चोळलं: ‘हा मेसेज हटवला’ एवढी पाटी मागे उरते, आणि काय हटवलं याची चौकशी करायला चार फोन येतात.

ग्रुप सोडणं हे पंगतीतून मधेच उठण्यासारखं होतं. ‘अमुक यांनी ग्रुप सोडला’ ही दवंडी सगळ्यांच्या पानावर वाढली जायची. मग समजूत काढायला वडीलधारे, मग पुन्हा प्रवेश, मग टाळ्या. ऑगस्ट 2022 मध्ये कंपनीने गुपचूप निघून जायची वाट करून दिली, आता फक्त अ‍ॅडमिनला कळतं. कंपनीच्या लेखी प्रश्न सुटला. तिला बहुधा अ‍ॅडमिन-आत्या माहीत नाहीत. मामांच्या सात मिनिटांच्या व्हॉइस मेसेजवर मात्र 2021 मध्ये खरा उपाय निघाला. दुप्पट वेग लावला की मामा मंगलाष्टकं उरकायच्या घाईतल्या भटजींसारखे बोलतात आणि साडेतीन मिनिटांत मुद्द्यावर येतात: फोन कर.

आता साहित्याकडे वळायला हवं, कारण फॉरवर्डने मराठी साहित्याची जी सेवा केली आहे ती थक्क करणारी आहे. कुसुमाग्रज 10 मार्च 1999 रोजी गेले. पु. ल. देशपांडे 12 जून 2000 रोजी. व. पु. काळे 26 जून 2001 रोजी. सव्वादोन वर्षांत तीन मोठे लेखक गेले आणि त्यानंतर आठ वर्षांनी जन्मलेल्या व्हॉट्सअ‍ॅपवर तिघेही जोमाने लिहिते झाले. पुलंनी गेल्या काही वर्षांत निवृत्तीचं नियोजन, सुनेशी कसं वागावं आणि मोबाइलचे दुष्परिणाम या विषयांवर मजकूर दिला आहे. वपु तर रोज एक वाक्य देतात. नात्यांवर, पावसावर, कधी कधी कोलेस्टेरॉलवर. कविता असली आणि तिच्यात ‘जगणं’ हा शब्द तीनदा आला, की ती कुसुमाग्रजांची. जिवंतांपैकी हा मान नाना पाटेकरांना मिळतो. वाक्य जरा रोखठोक असलं की खाली त्यांचं नाव पडतं.

याला फसवणूक म्हणावं तर मन होत नाही. खोटं नाव घालणाऱ्याला त्यातून दमडी मिळत नाही. उलट कुणा निवृत्त शिक्षकाने, कुणा बँकेतल्या बाईंनी खरोखर चांगलं लिहिलेलं असतं आणि त्यांचं नाव दुसऱ्या-तिसऱ्या हाताला गळून पडतं. पहिला हात लिहितो ‘साभार’. दुसरा लिहितो ‘लेखक माहीत नाही, पण अप्रतिम’. तिसऱ्याला हे बरं दिसत नाही, म्हणून तो घरातल्या मोठ्या माणसाचं नाव घालतो. जात्यावरच्या ओव्याही अशाच कुणाच्या तरी नावावर फिरल्या, मूळ गाणारी कुणालाच ठाऊक नाही. फरक इतकाच, की जनाबाईंच्या नावाने गायलं म्हणून कुठली जितीजागती लेखिका मानधनाला मुकत नव्हती. आज मुकते. आपलाच लेख पुलंच्या नावाने स्वतःच्या फोनवर आला तर लेखकाने अभिमान धरावा की पोलिसांत जावं, हे अजून ठरायचं आहे.

माहिती म्हणून जे फिरतं त्याचं काय? काही गोष्टी निरुपद्रवी. संकष्टीच्या दिवशी चंद्रोदयाची वेळ फिरते. ती बहुतेक वेळा मुंबईची असते. नागपूर मुंबईच्या सव्वासहा अंश पूर्वेला; चंद्र तिथे साधारण 25 मिनिटं आधी उगवतो. मुंबईच्या मेसेजवर विसंबलेली नागपूरची आत्या म्हणून चंद्र वर आलेला असताना मोदकांकडे बघत बसते, आणि न्यू जर्सीतल्या भाच्याची तर सकाळच चाललेली असते. ‘युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्कृष्ट ठरवलं’ हा मजकूर ईमेलच्या जमान्यापासून चालू आहे. युनेस्कोने नाही म्हणून सांगितलं. दरवर्षी पुन्हा अभिनंदन होतं. नोव्हेंबर 2016 मध्ये दोन हजारांच्या नव्या नोटेत चिप आहे, जमिनीत पुरली तरी उपग्रहाला दिसते, असं फिरलं. चिप नव्हती. 19 मे 2023 रोजी रिझर्व्ह बँकेने ती नोटच मागे घेत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा लोकांनी आपल्याकडच्या नोटा उशीखालून शोधून काढल्या, उपग्रहाच्या मदतीशिवाय.

इथपर्यंत हसता येतं.

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे पाच माणसांना जमावाने मारून टाकलं. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी माणसं होती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या भागात आधीपासून फिरत होते. त्या सुमारास देशात इतरत्रही याच अफवेने जीव घेतले. ते मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत बहुतेक कुणी दुष्ट नसणार. मुलं असलेली माणसं, काळजीपोटी, ‘जसं आलं तसं पाठवतोय, काळजी घ्या’ असं वर लिहून. गुलाब ज्या अंगठ्याने गेला त्याच अंगठ्याने हेही गेलं. हजेरी लावायची आणि बातमी द्यायची खूण फोनवर एकच आहे, हा सगळा घोटाळा.

त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात वर्तमानपत्रांच्या पूर्ण पानावर जाहिराती दिल्या, ‘फॉरवर्डेड’ अशी चिठ्ठी मेसेजवर लावायला सुरुवात केली आणि एका वेळी पाचांहून जास्त ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येणार नाही, अशी मर्यादा भारतात घातली. जानेवारी 2019 मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल 2020 मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, फार वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जाऊ लागला. त्यानंतर अशा मेसेजांचं फिरणं 70 टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. मेसेज खरा की खोटा, हे कंपनी वाचून ठरवत नाही. तिने फक्त अंगठा थकवला. पोस्टकार्डाचं दुखरं मनगट तिने परत आणलं, आणि ते लागू पडलं.

बिचाऱ्या अ‍ॅडमिनचीही मधल्या काळात झोप उडाली होती. ग्रुपमध्ये कुणी काहीही टाकलं तर आत अ‍ॅडमिन जाणार, असा मेसेज ग्रुपाग्रुपांत फिरत होता, अर्थात फॉरवर्ड होऊन. गोंदिया जिल्ह्यातल्या एका अ‍ॅडमिनवर खरोखरच गुन्हा नोंदवला गेला: सदस्याने ग्रुपमधल्या एका महिलेबद्दल अश्लाघ्य भाषा वापरली आणि अ‍ॅडमिनने त्याला काढलं नाही, म्हणून. मार्च 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला. न्यायालयाच्या मते अ‍ॅडमिनच्या हाती माणूस घेणं आणि काढणं एवढंच होतं. दुसऱ्याने काय टाकावं हे तो आधी तपासू शकत नाही, आणि सामायिक हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर दुसऱ्याच्या मजकुरासाठी त्याला जबाबदार धरता येणार नाही, असा निकालाचा सारांश. लग्नघरातल्या कुठल्याही यजमानाला हे तत्त्व न्यायालयाशिवाय कळतं. बोलावणं त्याचं, पाहुण्यांची तोंडं त्यांची त्यांची.

कंपनीची ती पाचाची मर्यादा सगळ्यात जास्त जाचते कुणाला, तर अफवा पसरवणाऱ्याला नव्हे. ती जाचते एकट्या राहणाऱ्या आजींना. अशा एक आजी डोळ्यांसमोर आणा. जवळजवळ प्रत्येकाच्या नात्यात त्या असतात. पहाटे उठायचं, चहा टाकायचा, आदल्या रात्री निवडून ठेवलेला सूर्य उघडायचा. आजी निवडीच्या बाबतीत चोखंदळ आहेत: सोमवारी शंकर, गुरुवारी दत्त, एरवी गुलाब, पण लाल नको, भडक दिसतो. मग यादीप्रमाणे पाठवणी. पाच नावांवर बोट ठेवायचं, बाण दाबायचा, पुन्हा पाच. नातवाने ब्रॉडकास्ट लिस्ट करून दिली होती, एका दणक्यात सगळ्यांना जातं म्हणून. आजींनी ती दोन दिवस वापरली आणि सोडली. एकेकाच्या नावावर बोट ठेवताना त्याचा गुडघा, तिची मुलगी, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आठवतं. एकदम पाठवलं की कुणीच आठवत नाही, अशी तक्रार.

उत्तरं आलीच पाहिजेत असं नाही. निळी खूण पुरते. सात वाजून गेले आणि आजींकडून सूर्य आला नाही, तर सुनेचा फोन येतो, मग शेजारणीला फोन जातो, आणि शेजारीण दार वाजवते. बहुतेक वेळा चार्जर सुटलेला असतो.

गेल्या दिवाळीपर्यंत आजींच्या यादीत सव्वीस नावं होती, सहा फेऱ्या लागायच्या. आता तेवीस आहेत. पाच फेऱ्यांत होतं.